शेळ्यांसाठी मागितलेली भिंत

ज्या भिंतीच्या पायाला मी माझ्या हातानं नारळ फोडला होता, ती भिंत पाडताना बघायला मी गेल्या वर्षी गल्लीच्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. सकाळचे दहा वाजले होते, आणि सोलापूरचं ऊन दहालाच दुपारच्या दोनसारखं वागतं. डोक्यावर ओला टॉवेल घेतला होता. येणारेजाणारे विचारत होते, आजी, उन्हात काय करताय? मी सांगत होते, मी करून घेतलेलं काम आहे, नीट मोडतात का नाही बघते. लोक हसून पुढं जायचे. म्हातारी थट्टा करतीय असं त्यांना वाटायचं, पण मी खरंच सांगत होते.

ती हकीगत लिहून ठेवते. तीत मी फारशी चांगली दिसत नाही. पण या वयात चांगलं दिसून करायचं तरी काय?

आमची गल्ली गिरणीच्या मागच्या अंगाला. गल्ली संपली की मालगाडीचा फाटा लागायचा. मोठ्या लाईनीवरून वळून एकच रूळ गिरणीत जायचा. दिवसातून एकदा डबे कापूस घेऊन आत यायचे आणि मालाच्या गाठी घेऊन बाहेर पडायचे, तेही इतके सावकाश की त्यांच्या बरोबरीनं चालत गप्पा मारता आल्या असत्या. रुळापलीकडे वीसेक पावलांवर दुसरी गल्ली, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. घरोघरी माग. त्यांच्या मागांची खटखट आमच्या घरात आणि आमच्या फोडणीचा ठसका त्यांच्या घरात. शाळा आमच्या बाजूला, पिठाची गिरणी आणि दवाखाना त्यांच्या बाजूला. रूळ मधे होता, पण तो अडतो असं कुणाला वाटायचं नाही. उंबऱ्यासारखा होता तो. पाय उचलायचा आणि पुढं जायचं.

मी मंगळवेढ्याची, ज्वारीच्या काळ्या रानातली. लग्न होऊन इथं आले तेव्हा सातवी पास होते, आणि सातवी पास म्हणजे काय हे गल्लीत कुणाला ठाऊक नसेल तर मी ते ठाऊक करून द्यायची. पहिल्यांदा भाकरी थापायला बसले तेव्हा आमच्याकडची ज्वारी कशी आणि इथं बाजारात मिळते ती कशी, यावर सासूबाईंना व्याख्यान दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बोलता बोलता तवा निवला बघ तुझा."

महिन्याभरात मला रुळापलीकडे काम मिळालं, कांड्या भरायचं. मागाच्या धोट्यात एक छोटी नळी बसते, तिच्यावर चरख्यानं सूत गुंडाळायचं. सूत भरलेली ती नळी म्हणजे कांडी. ज्या घरी मी जायची तिथली सून माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला आक्का म्हणायला लागले आणि ती मला चेल्ले, म्हणजे तिच्या भाषेत धाकटी बहीण. तिचं मराठी आणि माझं तेलुगू सारखंच वाईट होतं, त्यामुळं आमचं भांडण कधी व्हायचं नाही. भांडायला दोघींकडे शब्द पुरायचे नाहीत. तिची थोरली मुलगी दुसरीत होती. रूळ ओलांडून आमच्या बाजूच्या शाळेत जायची आणि संध्याकाळी पाटी घेऊन माझ्याशेजारी बसायची. तिचे पाढे मी घ्यायची. कांडी भरता भरता शिकवता येतं याचाही मला गर्व होता. कशाचा नव्हता, असं विचारा.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी कुरडया घातल्या. एकटीनं. गहू भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला. सासूबाई म्हणत होत्या की पत्र्यावर वाळत घाल. मी म्हणाले, पत्र्यापेक्षा रुळाच्या कडेला ऊन सरळ पडतं. त्यांच्यापेक्षा मला उन्हातलं जास्त कळत होतं ना. रुळाकडेला दोन जुनी धोतरं अंथरली, त्यावर सोऱ्यानं कुरडया पाडल्या, चार बायकांना बोलावून दाखवल्या आणि आक्काकडे कामाला गेले. परत आले तर धोतरांवर चार शेळ्या. तिघींचं जेवण उरकलं होतं. चौथी धोतर चघळत होती. आणि सासूबाई दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनी एकही शेळी हाकलली नव्हती.

शेळ्यांचं मला काही वाटलं नसतं. ते हसणं मात्र लागलं.

शेळ्या कुणाच्या? पलीकडच्या गल्लीतल्या, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, कारण त्यांची तोंडं त्या दिशेला होती. सातवी पास बाईचा निष्कर्ष. त्या आठवड्यात मी गिरणीच्या साहेबांना अर्ज लिहिला. रुळाच्या आमच्या बाजूनं, गल्लीच्या तोंडाशी, पक्की भिंत घालून मिळावी. शेळ्यांनी कुरडया खाल्ल्या हे अर्जात बरं दिसलं नसतं, म्हणून लिहिलं, "लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी". ती ओळ मला इतकी आवडली की मी ती दोनदा लिहिली. गल्लीतल्या बायकांचे अंगठे घेतले. सगळ्यात वर माझी सही. माझ्या अर्जामुळंच भिंत झाली की गिरणीच्या मनात ती आधीच होती, देव जाणे. सहा-सात महिन्यांत गाडीभर दगड येऊन पडले, आणि पायाला नारळ कुणी फोडायचा असं विचारल्यावर मी पुढं झाले. नव्या साडीत.

भिंत दोन पुरुष उंच झाली. ती पुरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला मी कामाला निघाले. गल्लीच्या टोकाला गेले आणि भिंतीसमोर उभी राहिले. कितीतरी वेळ. खोटं वाटेल, पण भिंत घातल्यावर मलाही पलीकडे जाता येणार नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात तोवर आलीच नव्हती. माझ्या हिशेबी ती भिंत शेळ्यांसाठी होती.

मग मोठ्या रस्त्यानं जाऊन, पूल चढून, पूल उतरून, वळसा घालून आक्काकडे जायला पाऊण तास लागायला लागला. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन तोच रस्ता. बाळंतपणाला निघाले तेव्हा तोच रस्ता, रिक्षात, पुलाच्या चढावर सगळे देव आठवत.

पुढच्या उन्हाळ्यात कुरडया घातल्या आणि शेळ्या पुन्हा आल्या. त्याच चार. भिंतीच्या आतूनच आल्या. आमच्याच गल्लीतल्या, चौथ्या घरातल्या होत्या. सासूबाईंना हे पहिल्यापासून माहीत होतं. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "तू विचारलंस कुटं? तू सांगत होतीस."

इथवर हसण्यासारखंच आहे, आणि मी ते भिंतीच्या आमच्या बाजूला पुष्कळांना हसत सांगितलं आहे, आक्कापर्यंत तेवढं पोचू दिलं नाही. पुढचं मात्र कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

भिंत झाली तेव्हा आक्काची थोरली चौथीत होती. भिंतीनंतर आक्का रोज तिला पुलावरून शाळेत सोडायची. पण बाई दोनदा पाऊण-पाऊण तास बाहेर गेली की घरचा माग थांबायचा. मग पोरगी एकटी जायला लागली. एकदा पुलाच्या उतारावर ट्रकनं तिला इतकी घासून हूल दिली की तिची पाटी फुटली. त्या दिवसापासून शाळा बंद. पोरगी चरख्यावर बसली. माझ्याच शेजारी. मी पाढे घेत राहिले काही दिवस, मग तेही थांबलं. आक्का अधूनमधून भिंत घालणाऱ्याच्या सात पिढ्यांचा तेलुगूत उद्धार करायची. तोवर मला तेलुगू चांगलं कळायला लागलं होतं. मी मान खाली घालून सूत सोडवत म्हणायची, व्हय की आक्का.

आणि ही आक्का कशी, तर गिरणी बंद पडली, आमचे हे घरी बसले, तेव्हा मला धाकटं दोन महिन्यांचं होतं. मला बाहेर पडता येईना. तर ही सुताचं गाठोडं डोक्यावर घेऊन पुलावरून वळसा घालून आमच्या घरी यायची, काम देऊन जायची आणि चार दिवसांनी भरलेल्या कांड्या न्यायला पुन्हा यायची. पाऊण तास येताना, पाऊण तास जाताना. पुलाचा चढ चढून घामेजलेली ती दारात टेकली की मी तिला पाणी द्यायची. त्या तांब्याएवढी जड वस्तू मी आयुष्यात उचललेली नाही.

गिरणी गेल्यावर डबे यायचे थांबले. रूळ गंजला, मग कुठं गेला कळलंच नाही. त्या पट्ट्यात वेडी बाभूळ माजली, कचरा साठला, डुकरं फिरायला लागली. ज्याच्यासाठी भिंत मागितली आणि ज्याच्यासाठी घातली ते सगळं गेलं, भिंत तेवढी उभी. माझी मुलं मोठी झाली, एक शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, फ्लॅट घेऊन गेला. मला चल म्हणाला, मी गेले नाही. आक्का तिकडे नव्हती.

तीन वर्षांपूर्वी आक्का न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. तिला रिक्षात चढवायला दोन माणसं लागायला लागली, आणि माझे गुडघे पूल चढेनात. राहिला फोन. दोघींना कमी ऐकू येतं म्हणून आम्ही इतक्या जोरात बोलतो की माझी सून म्हणायची, आई, फोन कशाला, भिंतीवरूनच ऐकू जाईल की त्यांना. वीस पावलांवरच्या माणसाशी मी वर्षभर फोनवर बोलत होते.

त्यात एक दिवस महापालिकेची एक नकाशावाली मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची गुंडाळी, पायात धुळीनं भरलेले बूट. फाट्याच्या त्या पडीक पट्ट्याचा चालायचा रस्ता करायचा होता. गाड्यांना बंदी. कडेला कडुलिंब आणि करंज, पावसाचं पाणी जिरवायला खड्डे, आणि भिंतीचे निघतील ते दगड पायऱ्यांना आणि बाकांना वापरायचे, नवीन काही आणायचं नाही. ती घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारत होती की भिंतीच्या आधी लोक ओलांडायचे कुठून. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी असं काही विचारलं होतं जे मला खरोखर माहीत होतं. मी तिला जागा दाखवली. आमच्या गल्लीच्या बरोबर तोंडाशी. समोर सरळ आक्काची गल्ली.

अडचण एवढीच होती की भिंतीत वाट एकाच ठिकाणी पडणार होती. एक तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नाहीतर भिंतीच्या पार टोकाला, मोठ्या रस्त्याजवळ. टोकाला कुणाचा विरोध नव्हता. पण टोकाला म्हणजे मला आणि आक्काला पुन्हा तेवढंच लांब. वॉकर घेऊन ती तिथवर कधीच पोचली नसती, आणि मीही किती दिवस पोचले असते? ठरवायला शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही गल्ल्यांची बैठक बोलावली. आक्का आली. लेकीनं आणि रिक्षावाल्यानं मिळून आणलं. वर्षभरानं बघत होते तिला. पुढच्या रांगेत वॉकर समोर धरून बसली होती, आणि मला खूण करून म्हणाली, वाट मधेच झाली पाहिजे, मी सांगणार आहे.

पण आधी आमच्या गल्लीतली एक सूनबाई उठली. चांगली शिकलेली, नीटनेटकी, ठसक्यात बोलणारी. म्हणाली, वाट गल्लीच्या तोंडाशी पाडली तर कोणपण येणार, कोणपण जाणार, आमची पोरं तिथं खेळतात. "लहान मुलांच्या सुरक्षिततेचं काय?"

शब्द तेच, मान तशीच ताठ. पन्नास वर्षांपूर्वीची मी नव्या साडीत समोर उभी होते, आणि आमच्या गल्लीतल्या बायका तिच्याकडे बघून माना हलवत होत्या. आता हात वर करायला सांगतील हे दिसत होतं. आक्का तिच्या मोडक्या मराठीत काही सांगायला उठायला गेली आणि वॉकर अडकला. मला कळलं की आता मी उठले नाही तर वाट टोकाला जाणार. आणि उठले तर आक्का ऐकणार.

उठले.

"सूनबाई, ही ओळ माझी आहे," मी म्हणाले. "ही भिंत मी मागितली. अर्ज मी लिहिला. त्यात मुलांची सुरक्षितता लिहिली, खरं कारण शेळ्या."

शेळ्यांची गोष्ट मी सांगितली आणि हॉल खदखदून हसला. तीही सूनबाई हसली. मग मी पुढचं सांगितलं. की ज्या लहान मुलांसाठी म्हणून मी भिंत मागितली, त्यातल्या एकीची शाळा त्या भिंतीनं सुटली. ती इथंच बसली आहे. ती माझ्याशेजारी बसून कांड्या भरायची आणि मी गप्प बसायची.

हसणं बंद झालं. आक्का माझ्याकडे बघत होती. कशी, ते मला लिहिता येणार नाही. मग ती उठली. सिमेंटच्या फरशीवर वॉकरचे चार पाय उचलून टेकायचा आवाज दारापर्यंत येत राहिला. लेक तिच्यामागून गेली. त्यानंतर हात वर झाले. वाट गल्लीच्या तोंडाशी ठरली. सूनबाईनंही हात वर केला होता. तिचे माझ्यावर उपकार आहेत. त्या वयात माझं मत कुणी असं बदलू शकलं नसतं.

आक्कानं फोन घ्यायचं बंद केलं. भिंतीला खिंडार पडलं, मी खुर्चीवरून बघितलं. बाभळी निघाल्या, खड्डे खणले, दगड रचले. पहिल्या पावसात पाणी खरोखर जिरलं, दरवर्षी गल्लीत तुंबायचं ते तुंबलं नाही. नकाशावाली येऊन मला रोपं दाखवून जायची. मी तिला आशीर्वाद द्यायची आणि मनात म्हणायची, पोरी, तू वाट केलीस, आता मला त्या वाटेनं जायचं धैर्यपण दे.

वाट सुरू झाली त्यानंतर आठ दिवसांनी गेले. वीस पावलं होती ती आता माझ्या पायांना साठ झाली आहेत. दार लेकीनं उघडलं. आक्का कॉटवर बसली होती. मला बघून तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. मी खाली बसले. गुडघ्यांमुळं बसायला इतका वेळ लागला की तेवढ्यात कुणी हाकललं असतं तर सोपं गेलं असतं. मी लेकीला म्हणाले, चुकलं माझं. आता तिचेही केस पिकलेत.

"मला शाळा लई आवडत होती असं काही नाही, मावशी," ती म्हणाली. "पण सोडायची का नाही, ते मी ठरवलं असतं की."

मी तिचा हात धरून बसले, तिनं तो काढून घेतला नाही. आक्कानं टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फोनवर मी बोलणार नाही हिच्याशी. बोलायचं तर हितं यायचं. रोज."

"गुडघे दुखतात गं आक्का."

"दुखू दे."

तेव्हापासून रोज चारला जाते. माफ केलं असं ती अजून म्हणालेली नाही. दारावरून कुणी ओळखीचं गेलं की माझ्याकडे बोट करते, ही बघा, भिंत घालणारी. त्यांच्या गल्लीतली चिल्लीपिल्लीसुद्धा आता मला भिंतवाली आजी म्हणतात. मी ओ देते. या वयात, पायी जाता येईल इतक्या जवळ, आपल्यावर हक्कानं रागावणारं माणूस मिळणं हे किती जणींच्या नशिबी असतं? ज्यांनी दगड फोडले, झाडं लावली, म्हाताऱ्यांना विचारत फिरले, त्या सगळ्यांना मी रोज जाताना मनात हात जोडते.

काल मला निघायला पंधरा मिनिटं उशीर झाला. वाटेवर आले तर समोरच्या दगडी बाकावर आक्का. वॉकर शेजारी. घराबाहेर इतकी लांब ती एकटी आली नव्हती कधी. मी विचारलं, इथं कशी? म्हणाली, वारं घ्यायला आले.

वारं अजिबात नव्हतं. मी तिच्याशेजारी बसले.